सावली धरून हनुमंत सापडत नाही

व्यवस्थापन प्रशिक्षणाच्या शिबिरांत हल्ली हनुमंताची वर्णी लागू लागली आहे. वातानुकूलित सभागृह, समोर पडदा, पडद्यावर एक वर्तुळ आणि त्या वर्तुळाच्या कडेने बारा टप्पे. नायकाला आलेली हाक, त्याने दिलेला नकार, भेटलेला मार्गदर्शक, ओलांडलेला उंबरठा, कसोट्या, मृत्यूशी गाठ, हाती लागलेले अमृत आणि अखेर घरी परतणे. परदेशी चित्रपटांची दोन उदाहरणे झाली की प्रशिक्षक भारतीय श्रोत्यांच्या सोयीसाठी सुंदरकांडाकडे वळतो. सुरसा म्हणजे बढतीच्या वाटेतील अडथळा, सिंहिका म्हणजे मनात दडलेला न्यूनगंड, लंका म्हणजे गाठावयाचे उद्दिष्ट! ‘तुमची सुरसा कोण?’ असा प्रश्न येतो, कोणीतरी वरिष्ठाचे नाव पुटपुटतो, हशा पिकतो आणि चहाची सुट्टी होते. श्रोते समाधानाने बाहेर पडतात. आपल्या धर्मग्रंथाचा गौरव झाला, असा अभिमानही त्यांतील अनेकांना वाटत असतो.

या अभिमानाचीच झडती घेतली पाहिजे. कारण रामायण-महाभारताची निंदा करणारे पाश्चात्त्य विद्वान हिंदू समाजाला आता ओळखू येतात. पॉल कोर्टराइट यांनी १९८५ साली श्रीगणेशावरील ग्रंथात फ्रॉइडचा चष्मा लावून जे काही लिहिले, त्याची भारतीय आवृत्ती निघाल्यावर लोकक्षोभ उसळला आणि २००३ साली प्रकाशकाला ती मागे घ्यावी लागली. वेंडी डॉनिगर यांच्या पुस्तकाबाबत २०१४ साली तेच घडले. शिवी कळते. परंतु जो खांद्यावर हात ठेवून ‘तुमच्या कथा किती थोर, त्या तर अखिल मानवजातीच्या मनाचा आरसा आहेत’ असे म्हणतो आणि त्या आरशात आपलेच मुखकमल पाहतो, त्याला काय म्हणावे, हे मात्र आपल्या बुद्धिजीवींना अद्याप उमगलेले नाही. फ्रॉइडला दारातून हाकलले आणि त्याचा शिष्योत्तम युंग याला पाट मांडून बसवले, असा हा प्रकार आहे.

उसन्या वर्तुळाची कुळकथा

कार्ल गुस्ताव युंग (१८७५-१९६१) हा स्विस मनोवैज्ञानिक १९१३ च्या सुमारास फ्रॉइडपासून दुरावला. मानवी मनाच्या तळाशी व्यक्तिगत नेणिवेखाली एक सामूहिक नेणीव असते, तीत काही आदिबंध वास करतात आणि जगभरच्या पुराणकथा ही त्या आदिबंधांची स्वप्ने होत, असा त्याचा सिद्धान्त. नायक, माता, वृद्ध ज्ञानी, छाया, पुरुषाच्या अंतरंगातील स्त्रीप्रतिमा ही त्यातील ठळक पात्रे. नायकाची कथा म्हणजे मनुष्याच्या ‘अहं’ने नेणिवेच्या अंधारात उतरणे, तेथील राक्षसाशी झुंजणे आणि अधिक संपूर्ण होऊन परतणे. थोडक्यात, कथेतील समुद्र, राक्षस आणि बंदिवान राजकन्या ही सारी सामग्री एकाच माणसाच्या कवटीच्या आत!

हा छंद एकट्या युंगचा नव्हता. ऑटो रँक याने १९०९ साली नायकाच्या जन्मकथांवर पुस्तक लिहिले व त्यात आपल्या कर्णालाही बसवले. लॉर्ड रॅग्लन याने १९३६ साली बावीस कलमांची यादीच सिद्ध केली आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात तसे जगभरच्या नायकांना गुण दिले. ज्याला गुण अधिक, तो इतिहासात नसण्याची शक्यता अधिक, असा रॅग्लनसाहेबांचा न्याय. एखाद्या समाजाच्या आराध्यदैवताच्या ऐतिहासिकतेचा निकाल बेरजेने लावणारी ही विद्या आपल्याकडील किती पंडितांनी निमूटपणे गिरवली, याची नोंद कोणीतरी कधीतरी घ्यायला हवी.

मात्र हे सारे घरोघर पोहोचवले ते अमेरिकेतील जोसेफ कॅम्बेल यांनी. त्यांचे ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. प्रस्थान, दीक्षा आणि प्रत्यागमन या तीन अंकांत आणि सतरा टप्प्यांत त्यांनी जगातील यच्चयावत् वीरकथा कोंबल्या. जॉर्ज ल्युकस यांनी ‘स्टार वॉर्स’ या १९७७ सालच्या चित्रपटाचे ऋण कॅम्बेलच्या पदरी टाकले. ख्रिस्तोफर व्होगलर यांनी १९९२ साली त्या सतरांचे बारा टप्पे करून पटकथालेखकांच्या हाती दिले आणि तेथून ते वर्तुळ प्रशिक्षणशिबिरांच्या पडद्यावर आले. ज्याला वैश्विक सत्य म्हणून आज डोक्यावर घेतले जाते, त्याचा नजीकचा मुक्काम हॉलिवूड आहे.

कॅम्बेल भारतद्वेष्टे होते, असे मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या स्वामी निखिलानंदांना श्रीरामकृष्ण वचनामृताच्या १९४२ सालच्या इंग्रजी अनुवादात त्यांनी साहाय्य केले. हाइनरिश झिमर या जर्मन भारतविद्यावंताच्या निधनानंतर त्याची हस्तलिखिते त्यांनीच कष्टाने संपादित केली. प्रश्न सद्भावनेचा नसून साच्याचा आहे, आणि साचा कसे काम करतो हे त्यांच्याच पुस्तकातील मुचकुंदाच्या कथेवरून दिसते. देवांसाठी असुरांशी दीर्घकाळ लढलेला हा राजा वर म्हणून निद्रा मागतो. पुढे कालयवन त्याच्या दृष्टीने भस्म होतो, त्याला श्रीकृष्णाचे दर्शन घडते आणि तो तपासाठी पर्वताकडे निघून जातो. पुराणाच्या दृष्टीने ही कृतार्थता आहे. कर्तव्य संपले, दर्शन झाले, आता निवृत्ती. कॅम्बेल यांनी ही कथा कोणत्या मथळ्याखाली घातली? ‘परतण्यास नकार’! पुरुषार्थचतुष्टयातील शेवटचा पुरुषार्थ साच्यात बसेना, तेव्हा तो नकार ठरला. मोक्षाला गैरहजेरीचा शेरा मारणारी ही हजेरीवही आहे.

कलकत्त्यातील स्वप्न

युंग स्वतः भारतात आला होता. भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनासाठी ब्रिटिश सरकारच्या निमंत्रणावरून १९३७ च्या डिसेंबरात तो मुंबईत उतरला. अलाहाबाद, बनारस आणि कलकत्ता विद्यापीठांनी त्याला सन्मान्य पदव्या दिल्या. कलकत्त्यात आमांशाने तो दहा दिवस रुग्णालयात होता. रमण महर्षी त्या वेळी तिरुवण्णामलै येथे विद्यमान होते. युंग तिकडे फिरकला नाही. आपण सर्वच सत्पुरुषांना टाळले, त्यांच्याकडून सत्य घेणे ही चोरी ठरली असती, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. प्रवासात त्याच्या सोबत वाचनासाठी काय होते? युरोपीय किमयाविद्येचा एक जुना लॅटिन ग्रंथ.

आणि याच भारतात त्याला एक स्वप्न पडले. ते काशीचे नव्हते, अजिंठ्याचे नव्हते. ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका बेटाचे होते आणि त्यात शोध होता ख्रिस्ती दंतकथेतील पवित्र चषकाचा. युंगने स्वतःच त्याचा अर्थ लावला, की भारत हे आपले काम नव्हे. आपल्या समाजाला हवे असलेले औषध आपल्याच परंपरेत शोधले पाहिजे. १९३६ साली रामकृष्ण मठाच्या ‘प्रबुद्ध भारत’ मासिकातच त्याने युरोपीय माणसाला बजावले होते, की योगाचा अभ्यास जरूर करा, पण आचरण करू नका. पश्चिमेला तिचा स्वतःचा योग घडवावा लागेल.

युंगचा हा प्रामाणिकपणा वंदनीय आहे. खेद एवढाच, की युंगचे ग्रंथ पाठ करणाऱ्या भारतीय प्राध्यापकांनी नेमके हेच पान उघडलेले नाही. गुरू म्हणतो, ज्याने त्याने आपल्या घरची कथा आपल्या घरच्या रीतीने समजून घ्यावी. शिष्य मात्र वाल्मीकी वाचण्यासाठी झुरिकहून परवानगी मागतात!

तत्त्वाचा मतभेदही किरकोळ नाही. ‘अहं’विना जाणीव असू शकते, हे युंगला कधीच मान्य झाले नाही. जाणणारा कोणी नसेल तर जाणणे कसले, असा त्याचा प्रश्न. म्हणून समाधी ही त्याच्या लेखी नेणिवेत बुडणेच ठरते. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तिन्ही अवस्थांच्या पलीकडे चौथी सांगितली, ती नेमकी याच ठिकाणी. युंगचे घर तीन मजल्यांचे आहे. ज्याच्या घराला चौथा मजला नाही त्याच्याकडून गच्चीवरील चांदण्याचे वर्णन मागवण्यात काय हशील?

समुद्रावरील चार प्रसंग

आता सुंदरकांडाकडे यावे. अडुसष्ट सर्गांचे हे कांड पाश्चात्त्य साच्यात इतके चपखल बसते, की मोह होणे स्वाभाविक आहे. महेंद्र पर्वतावरून हनुमंत उड्डाण करतो, हे प्रस्थान. सुरसेच्या मुखात शिरून बाहेर येतो, तेथे कॅम्बेलचा ‘माशाच्या पोटातील’ टप्पा. लंकेच्या वेशीवरची नगरदेवता म्हणजे उंबरठ्यावरील रखवालदार. चूडामणी हे अमृत. आणि सिंहिका! ही राक्षसी तर समुद्रावरून जाणाऱ्या प्राण्याची सावली धरून त्याला खाली खेचते. युंगच्या सिद्धान्तातील ‘छाया’ शब्दशः वाल्मीकीच्या पानावर अवतरलेली पाहून त्याच्या भक्तांना गहिवरून न आले तरच नवल.

परंतु वाल्मीकी काय सांगतो ते वाचावे. युंगची छाया म्हणजे माणसाने नाकारलेला त्याचाच काळोखा अंश. तिला मारावयाचे नसते, ओळखावयाचे आणि आपलेसे करावयाचे असते. सिंहिका हनुमंताचा कोणताही अंश नाही. ती स्वतंत्र आहे, भुकेली आहे आणि शत्रू आहे. सावली हनुमंताची, पण धरणारा हात परका. गती खुंटल्याचे जाणवताच हनुमंत आत्मपरीक्षण करीत बसत नाही. तो वर, खाली, चहूकडे पाहतो आणि सुग्रीवाने अशा एका छायाग्राही प्राण्याची माहिती दिली होती, ते त्याला आठवते. त्याला तारते ती राजाने दिलेली आगाऊ खबर. मग तो तिच्या मुखात शिरून तिची मर्मस्थाने विदारतो आणि पुढे निघतो. आकाशातील भूते त्याची स्तुती करतात ती धैर्य, दृष्टी, बुद्धी आणि दक्षता या चार गुणांसाठी. समुद्री मार्गावरील धोक्याची ही सरळ कथा आहे.

या चार प्रसंगांचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. मैनाक हा मित्र आहे. तो विश्रांती देऊ करतो. हनुमंत त्याला हाताने स्पर्श करून मान देतो, पण थांबत नाही. सुरसा ही देवांनी पाठवलेली परीक्षा आहे. तिच्याशी युक्ती, अंगठ्याएवढे रूप, आणि बाहेर आल्यावर नमस्कार. सिंहिका हा शत्रू आहे; तिचा वध. लंकादेवी ही आपल्या नेमल्या जागी उभी असलेली रक्षक आहे आणि स्त्री आहे. म्हणून तिला डाव्या मुठीचा बेताचा प्रहार. मित्र, परीक्षक, वैरी आणि चाकर या चौघांशी चार प्रकारचे वर्तन. विवेक म्हणतात तो हा. आणि आदिबंधवाद्यांचे वर्तुळ या चौघांना ‘अंतर्मनातील अडथळे’ या एकाच पोत्यात भरते!

सीतेवर तर या मंडळींचा सर्वांत मोठा अन्याय आहे. त्यांच्या लेखी बंदिवान राजकन्या म्हणजे नायकाच्या मनातील स्त्रीप्रतिमा. तिला सोडवणे म्हणजे नायकाने आपल्यातील कोमल भावाशी जुळवून घेणे. अशोकवनातील सीता कोणाच्याही मनातील प्रतिमा नाही. हनुमंत तिला पाठीवरून नेण्याची तयारी दाखवतो. उद्दिष्ट हातात आले, अमृत गवसले. वर्तुळवाल्यांच्या हिशेबाने आता परत फिरावे. सीता नकार देते. ती कारणे मांडते. समुद्रावरून जाताना भोवळ येऊन आपण पडू शकतो, राक्षसांनी पाठलाग केला तर एकट्या हनुमंताला लढणे आणि जपणे दोन्ही जमणार नाही, स्वेच्छेने परपुरुषाचा स्पर्श तिला मान्य नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रामाने येऊन, रावणाला जिंकून आपल्याला उजळ माथ्याने न्यावे, यातच रामाची शोभा. चोरून सुटका तिला नको आहे. तिला न्याय हवा आहे. कोणत्या माणसाच्या स्वप्नातील प्रतिमा त्या माणसाला असे खडसावते?

येथे प्रश्न केवळ वाङ्मयसमीक्षेचा राहत नाही. सीता जर रूपक, लंका जर रूपक, रावण जर नायकाचीच काळी बाजू, तर अपहरण झालेच नाही आणि अपराधीही कोणी नाही. युंगच्या विचाराचा हा तार्किक शेवट आहे आणि तो खुद्द युंगनेच गाठून दाखवला. १९३६ साली, हिटलरच्या सत्तेला तीन वर्षे झालेली असताना, त्याने ‘व्होटान’ हा लेख लिहिला. जर्मनीत जे चालले आहे ते व्होटान या प्राचीन जर्मन वादळदेवतेच्या आदिबंधाचे जागे होणे आहे आणि जर्मनांना कर्ते मानण्यापेक्षा झपाटलेले मानावे, असा त्याचा सूर होता. पुढे युरोपात काय घडले ते जगाने पाहिले. झपाटलेल्याला शिक्षा नसते, आणि त्याच्या बळींना न्यायही नसतो.

वाल्मीकीचा रावण असा सुटत नाही. बांधून सभेत आणलेला हनुमंत त्याला आधी समजावतो, धर्म सांगतो, सीतेला परत देण्याची संधी देतो. पुढे बिभीषण सांगतो, माल्यवान सांगतो. रावणाला पुन्हा पुन्हा निवडीची संधी मिळते आणि दर वेळी तो अधर्म निवडतो. म्हणून तो जबाबदार ठरतो. ज्या समाजाने शतकानुशतके आक्रमणे सोसली, आपली मंदिरे फुटलेली पाहिली आणि तरीही रामकथा सोडली नाही, त्याला ‘बाहेर कोणीही नाही, सारे तुझ्याच मनात आहे’ असे शिकवणे म्हणजे फिर्यादीला मनोरुग्ण ठरवून खटला निकालात काढणे होय.

अंतर्यात्रा आहे, पण कोणती?

कोणी म्हणेल, मग सुंदरकांडात अंतर्यात्रा नाहीच काय? आहे, आणि ती युरोपीय सिद्धान्ताला स्वप्नातही सुचली नसती अशी आहे.

रात्री सीतेचा शोध घेत हनुमंत रावणाच्या अंतःपुरात शिरतो. अस्ताव्यस्त निजलेल्या शेकडो स्त्रिया त्याला पाहाव्या लागतात. मंदोदरीला पाहून क्षणभर हीच सीता असे वाटते, आणि हा महावीर चक्क वानरासारखा शेपटीचे चुंबन घेतो, खांबांवर चढतो, नाचतो! दुसऱ्याच क्षणी तो स्वतःला सावरतो. रामाच्या वियोगात सीता अशी शांत झोपेल कशी? मग त्याला आणखी एक शंका छळते. परस्त्रियांना झोपेत पाहिले, हा अधर्म तर नव्हे? तो आपल्या मनाची तपासणी करतो आणि त्याला आढळते, की पाहूनही मनात विकार उठला नाही. इंद्रियांना बऱ्यावाइटाकडे नेणारे मनच असते आणि ते स्थिर होते. शिवाय स्त्रीचा शोध स्त्रियांमध्येच घ्यावा लागणार, हरिणींच्या कळपात नव्हे, असा रोकडा व्यवहारही तो जाणतो. मनाचे इतके स्वच्छ निरीक्षण करावयास त्याला ना स्वप्न पडावे लागले, ना कोचावर पडून राहावे लागले.

पुढे सीता सापडत नाही, तेव्हा तो खचतो. रिकाम्या हाताने परतलो तर राम प्राण सोडील, मग लक्ष्मण, मग भरत-शत्रुघ्न, माता, सुग्रीव, सारी वानरसेना, असा विनाशाचा हिशेब तो मांडतो. प्राणत्यागाचा विचार करतो आणि पुन्हा स्वतःच मागे फिरतो, कारण जिवंत राहणाऱ्यालाच यश लाभण्याची आशा असते. त्याच्या निराशेतही ‘माझे काय होईल’ हा प्रश्न नाही. आणि लंकादहनानंतर त्याला धसका बसतो, की रागाच्या भरात आपण सीतेलाच जाळले की काय! विजयाच्या शिखरावर उभा राहून हा वीर क्रोधाची आणि आपल्या वानरचांचल्याची कठोर निर्भर्त्सना करतो. चारणांच्या तोंडून जानकी सुरक्षित असल्याचे कळते, तेव्हाच त्याचा जीव भांड्यात पडतो.

युंगप्रणीत नायक आत उतरतो तो स्वतःला मिळवण्यासाठी. हनुमंत आत पाहतो ते सोपवलेले काम शुद्ध राहिले की नाही हे तपासण्यासाठी. एकाचे केंद्र स्वतःचे व्यक्तिमत्त्व, दुसऱ्याचे स्वामिकार्य. म्हणूनच लंकेत तो आपली ओळख कोसलाधीशाचा दास अशी करून देतो. पाश्चात्त्य मनाला दास हा शब्द ऐकताच गुलामांचा बाजार आठवतो. त्यात भारताचा दोष नाही.

आणि हे सामर्थ्य त्याला कोठे गवसले? नेणिवेच्या तळघरात नव्हे. समुद्रकिनारी सारे वानर हताश बसले असताना वृद्ध जांबवानाने त्याला त्याच्या जन्माची, त्याच्या बळाची आठवण करून दिली. बळ विसरलेल्याला ज्येष्ठाने चारचौघांत हाक मारावी, त्याचा वंश, त्याचा पराक्रम सांगावा आणि तो उभा राहावा, ही सामूहिक रीत आहे. संघटनेचे काम करणाऱ्या कोणत्याही माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. परतल्यावरही हनुमंत सर्वांत आधी सीता दिसल्याची वार्ता देतो. स्वतःच्या पराक्रमाचे वृत्त तो जांबवानाने विचारल्यावर सांगतो.

एकनाथांची साक्ष

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. संतांनीही रामायणाचे आध्यात्मिक रूपक केलेच की! अध्यात्म रामायण आहे, एकनाथांचे भावार्थ रामायण आहे. रावण म्हणजे अहंकार, सीता म्हणजे शांती, हे कीर्तनात पिढ्यान् पिढ्या ऐकले आहे. मग युंगनेच काय घोडे मारले?

आक्षेप दखल घेण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तर नाथांच्याच ग्रंथात आहे. नाथ आतला अर्थ सांगतात तो बाहेरचा अर्थ पुसून नव्हे. त्यांच्या रामायणात रावणाच्या बंदीत देव पडलेले आहेत आणि ती बंद सोडवण्यासाठी रामाचा अवतार आहे. परकीय सत्तेखाली पिचलेल्या सोळाव्या शतकातील मराठी श्रोत्याला ही देवांची बंदी म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागत नव्हते. नाथांनी ग्रंथ युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आणला आणि गावबाने तो पूर्ण केला. पुढे समर्थांनी रामकथेतील विशेष भर दिला तो सुंदर आणि युद्ध या कांडांवर. हा योगायोग मानावयाचा काय? आत रावण असतो हे सर्वच संतांनी सांगितले. बाहेर नसतो, असे एकानेही सांगितले नाही.

खुद्द पश्चिमेतही या वर्तुळाची झिंग उतरू लागल्याला बरीच वर्षे झाली. आदिबंधात्मक मानसशास्त्र हे नाव १९७० साली ज्याने रूढ केले, तो युंगच्या परंपरेतील जेम्स हिलमन नायकाच्या या ‘अहं’लाच रोगाचे मूळ म्हणू लागला. १९९२ साली मायकेल व्हेंच्युरा यांच्यासह त्याने जे पुस्तक काढले, त्याचे नावच मोठे बोलके आहे: मानसोपचाराची शंभर वर्षे झाली आणि जग अधिकच बिघडत चालले आहे! माणसाला सतत आत पाहावयास लावले, तेव्हा बाहेरचे जग सांभाळणारे कोणी उरले नाही, ही त्याची तक्रार. तेथे जो माल परत येऊ लागला आहे, त्याची दुकाने येथे थाटात उघडत आहेत.

अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी श्रीरामलला आपल्या मंदिरात प्रतिष्ठित झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर भारतीय ज्ञानपरंपरा महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आली. दोन्ही गोष्टी दीर्घ संघर्षानंतर पदरात पडल्या. आता त्या अभ्यासक्रमात सुंदरकांड शिकवणारा अध्यापक पहिल्याच तासाला फळ्यावर कॅम्बेलचे वर्तुळ काढणार असेल, तर मंदिर बांधून आत मूर्ती परक्या घडणीची बसवल्यासारखे होईल. आणि हा दोष युंगच्या माथी मारता येणार नाही. ‘युंगनेही मान्य केले आहे’ हे वाक्य व्यासपीठावरून अभिमानाने फेकणाऱ्या राष्ट्रवादी वक्त्यांनाही यातील आपला वाटा उचलावा लागेल. वाल्मीकीला झुरिकच्या दाखल्याची गरज वाटते ती ज्याने वाल्मीकी वाचलेला नसतो त्यालाच. हनुमानचालिसा भोंग्यावर लावणाऱ्या किती मंडळांच्या कार्यकर्त्यांना मैनाकाची गोष्ट सांगता येईल? कीर्तनकाराला बिदागी देताना हात आखडतो आणि प्रशिक्षकाचे शुल्क मात्र आगाऊ भरले जाते.

सातारा जिल्ह्यात चाफळला समर्थांनी स्थापलेले दोन मारुती आहेत. राममंदिरासमोर हात जोडून उभा आहे तो दास मारुती, आणि मागच्या बाजूला आहे तो प्रताप मारुती. वर्षानुवर्षे गावोगावची माणसे दोघांचेही दर्शन घेतात, एकाकडून दुसऱ्याकडे जातात, तेल वाहतात आणि आपल्या वाटेला लागतात. यांतील खरा कोणता आणि छाया कोणाची, असा प्रश्न त्यांना पडत नाही.